उद्योजकाचा व्हिसा आणि घरचा सातबारा

(अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हिशाचा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर तो रास्त ठरला असता. परदेशी शिक्षण ही तेव्हा मोजक्या घरांची बाब होती. आज तालुक्याच्या गावी शिकवणीवर्गाच्या शेजारीच परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शनाची पाटी दिसते आणि बँकेच्या कागदांवर सही करण्यापूर्वी जमीन किंवा घर तारण ठेवावे की नाही, हे विचारावयास माणसे आपल्या कार्यकर्त्यांकडे येतात. एजंटाने त्यांना बहुधा एक वाक्य ऐकवलेले असते : "नोकरी नाही मिळाली तरी चिंता नको, मुलगा तिथेच धंदा काढील, उद्योजकाचा वेगळा व्हिसा असतो."

असा व्हिसा असतो, हे खरे आहे. तो कुणासाठी असतो आणि त्यासाठी किती भांडवल लागते, याचा विचार मात्र एजंट करीत नाही. तो आपल्याला करावयाचा आहे. मी आज ब्रिटनपुरतेच बोलणार आहे. आपली मुले तेथे मोठ्या संख्येने जातात, हे एक कारण. आणि तेथील नियम २००८ पासून इतक्या वेळा बदलले की त्यांच्यामागचा विचार त्या बदलांतूनच उघडा पडतो, हे दुसरे.

प्रथम थोडे मागचे. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. पुढे ते त्या कंपनीतून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. ते श्रीमंत घरातले नव्हते. एका गरीब पारशी पुरोहिताचे ते चिरंजीव. किती पौंड घेऊन आलात, हा प्रश्न त्यांना बंदरावर कुणी विचारला नाही, कारण साम्राज्याच्या प्रजाजनाला ब्रिटनमध्ये शिरण्यास तेव्हा परवान्याची गरजच नव्हती. साम्राज्याने दिलेली ही एवढी एकच समता होती म्हणा ना! आणि तीही ज्याच्यापाशी बोटीचे भाडे असेल त्यालाच. साम्राज्य गेले आणि १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांवर प्रवेशाचे निर्बंध आले. पुढे धंद्यासाठी येणाऱ्यांना किमान भांडवलाची अट लागली. १९९४ च्या नियमांत ती २ लाख पौंडांची होती.

हा २ लाखांचा आकडा ध्यानात ठेवा. २००८ साली ब्रिटनने गुणांवर आधारलेली नवी पद्धत आणली आणि तिच्या पहिल्या श्रेणीत उद्योजकांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला. तेथेही आकडा २ लाखच. तो वर्ग २०१९ मध्ये बंद होईपर्यंत आकडा तोच राहिला. पंचवीस वर्षांत महागाई वाढली आणि धंद्यांचे स्वरूप पार पालटले. एके काळी यंत्रे आणि गाळा लागत असे तेथे एक संगणक आणि दोन डोकी पुरू लागली, तरी आकडा हलला नाही. धंदा उभा करण्यास किती पैसा लागतो, याच्या हिशेबातून आलेला आकडा असा पंचवीस वर्षे गोठून राहत नसतो. तो हिशेब नव्हताच. ते एक कुंपण होते.

गुणांची वाटणी पाहिली म्हणजे माझे म्हणणे पटेल. अर्जदाराला एकूण ९५ गुण मिळवावे लागत. २ लाख पौंड उपलब्ध असल्याबद्दल २५, ते मान्यताप्राप्त वित्तसंस्थेत असल्याबद्दल २५, आणि ते ब्रिटनमध्ये खर्च करता येण्याजोगे असल्याबद्दल आणखी २५. म्हणजे एकाच पैशाला तीनदा नमस्कार. त्याशिवाय स्वतःच्या निर्वाहापुरती शिल्लक असल्याबद्दल १० आणि इंग्रजी येत असल्याबद्दल १०. पंचाण्णवांपैकी पंच्याऐंशी गुण पैशाचे! धंदा कोणता काढणार, तो का चालेल, अर्जदाराने आजवर काय शिकले, काय केले, याला एकही गुण नव्हता. उद्योजकाच्या व्हिशात उद्योग तेवढा कुणी तपासत नव्हते.

आपल्याकडे १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांखाली मताचा हक्क बव्हंशी शेतसारा, घरभाडे आणि प्राप्तिकर यांवर ठरत असे. शहाणपण मोजता येत नाही, मालमत्ता मोजता येते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. व्हिशाच्या नियमाची जातकुळी तीच आहे.

विद्यार्थ्यांचे काय झाले, ते आता पाहू. २००८ च्या पद्धतीत पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहून कोणतेही काम करण्याची मुभा होती. नोकरी करा, स्वतःचा छोटा धंदा करा, पडा, उठा. कुणी भांडवल विचारत नसे. ६ एप्रिल २०१२ पासून ती मुभा बंद झाली. निव्वळ स्थलांतर एक लाखाच्या खाली आणण्याचे वचन तेव्हाच्या सरकारने मतदारांना दिले होते आणि विद्यार्थी हा आकडा कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता, कारण तो तेथे मतदान संघटित करीत नाही. मग पदवी हाती घेतलेल्या मुलापुढे दोन वाटा उरल्या. एक, त्याला पुरस्कृत करील असा मालक शोधणे. दुसरी, उद्योजक होणे.

ज्यांना मालक मिळाला नाही ते दुसऱ्या वाटेला लागले, यात नवल ते काय? सरकारने मात्र नवल केले. उद्योजकांचे अर्ज वाढू लागले तेव्हा, हे खरे उद्योजक नव्हेत, अशी ओरड सुरू झाली. जानेवारी २०१३ च्या अखेरीस उद्योजक 'खरा' आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार व्हिसा अधिकाऱ्याला देण्यात आला. नोकरदार अधिकाऱ्याने, ज्याने आयुष्यात पानाची गादीही चालवलेली नाही, धंदा चालेल की नाही हे ठरवावयाचे! जुलै २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या व्हिशावरून थेट या वर्गात येण्याची वाटही आवळण्यात आली. घरचे २ लाख पौंड दाखवून भागेना. सरकारी खात्याने किंवा मान्यताप्राप्त निधिस्पर्धेने दिलेले ५० हजार पौंड हवेत, अशा स्वरूपाची ती अट होती. त्याआधी २०१२ पासून विद्यापीठांनी निवडलेल्या थोड्या पदवीधर-उद्योजकांसाठी एक छोटी योजना होती. तिच्यात सुरुवातीला भांडवल लागत नसे. परंतु तिची मुदत संपली की पुढच्या पायरीवर ५० हजार पौंड उभे राहत.

पैसे आणावयाचे कोठून? २ लाख पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने दीड ते दोन कोटी रुपये. कोटींची शेती असलेल्या शेतकऱ्याच्याही हातात एवढी रोकड नसते. आणि असली तरी ती पाठवणार कशी? रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात परदेशी किती रक्कम पाठवता येईल, याला मर्यादा आहे. रुपया घसरत होता म्हणून ऑगस्ट २०१३ मध्ये ही मर्यादा २ लाख डॉलरांवरून ७५ हजार डॉलरांवर आणली गेली. २ लाख पौंड म्हणजे तेव्हाचे ३ लाख डॉलरांहून अधिक. म्हणजे एका मुलाचा उद्योजकपणा सिद्ध करण्यास एकाच वर्षात घरातल्या पाच माणसांच्या नावे पैसा बाहेर जावयास हवा होता. मर्यादा पुढे वाढत गेली आणि २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. ज्यांच्या घरी पाच नावे आणि पाच नावांवर पैसा आहे, त्यांना कोणत्याच मर्यादेचा कधी त्रास झाला नाही.

नियमात आणखी दोन खिडक्या होत्या. पैसा अर्जदाराचा स्वतःचाच हवा असे नाही. तिऱ्हाइताने 'माझा पैसा याच्या धंद्यासाठी उपलब्ध आहे' असे लिहून दिले आणि वकिलाने त्यावर शिक्कामोर्तब केले तरी चाले. शिवाय दोघे मिळून एकच २ लाख दाखवू शकत. हेतू वाईट नव्हता. पण जेथे पैसा असण्यापेक्षा पैसा दिसण्याला किंमत येते तेथे पैसा दाखवण्याचा धंदा उभा राहतो. आपल्याकडे निवडणुकीच्या वेळी आणि बँकेच्या तपासणीच्या वेळी हे आपण पाहतोच. दाखवण्यापुरते पैसे पुरवणारे, आराखडे लिहून देणारे, पत्रांचे मसुदे विकणारे असे सगळे आले. गरजू मुलाला उद्योजक होण्यापूर्वीच पहिले कर्ज झाले.

सरकारच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. गैरवापर होत होता, हे खोटे नाही. ब्रिटनच्या स्थलांतर सल्लागार समितीने २०१५ मध्ये या योजनेची तपासणी केली तेव्हा तिला काही चांगले उद्योग आणि त्यांच्यामागे अर्थव्यवस्थेत फारशी भर न घालणाऱ्या सामान्य धंद्यांची लांब रांग दिसली. निष्कर्ष बरोबर होता. मात्र ती रांग लागली कशामुळे? दोन वर्षे काम करून अनुभव घेण्याची सरळ वाट बुजवली आणि पैसे दाखवण्याची वाट तेवढी उघडी ठेवली, म्हणजे त्या वाटेवर गर्दी होणारच. ही गर्दी नियमांनी निर्माण केली होती.

याच काळात शेजारच्या दाराशी काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. गुंतवणूकदारांचा वेगळा वर्ग होता. प्रथम १० लाख आणि नोव्हेंबर २०१४ नंतर २० लाख पौंड गुंतवणाऱ्यास तेथे प्रवेश मिळे. इंग्रजी येण्याची अट नाही. नोकऱ्या निर्माण करण्याची अट नाही. २०१९ पर्यंत हा पैसा ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत ठेवून स्वस्थ बसता येत असे. सामान्यतः पाच वर्षांनी कायम वास्तव्य. ५० लाख गुंतवले तर तीन वर्षांनी, १ कोटी गुंतवले तर दोन. इंग्रजीत प्रबंध लिहून पदवी मिळवलेल्या मुलाने दोन माणसांना वर्ष-वर्षभर नोकऱ्या देऊन दाखवावयाच्या, आणि रोखे विकत घेणाऱ्याने काहीच करावयाचे नाही. हा वर्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये तडकाफडकी बंद करावा लागला. गैरमार्गाने मिळवलेल्या संपत्तीला येथून वाट मिळाली, हे सरकारलाच मान्य करावे लागले. अधिकाऱ्यांची खऱ्या-खोट्याची परीक्षा इतकी वर्षे विद्यार्थ्यांच्या फायलींवर चालली होती!

मार्च २०१९ मध्ये २ लाखांचा वर्ग गेला आणि त्याच्या जागी नवकल्पकांचा वर्ग आला. भांडवल ५० हजार पौंड आणि त्याबरोबर सरकारने नेमलेल्या संस्थेचे समर्थनपत्र. कल्पना नवी असावी, चालण्याजोगी असावी आणि वाढण्याजोगी असावी, अशा तीन कसोट्या. नवख्यांसाठी भांडवलाविना दोन वर्षांचा एक वर्ग जोडीला होता. एप्रिल २०२३ मध्ये हे दोन्ही एकत्र करून आजचा संस्थापकांचा वर्ग झाला आणि त्यातून ५० हजारांची अट काढून टाकण्यात आली. एजंट जे सांगतो ते येथून येते : "आता पैसे लागत नाहीत."

लागत नाहीत? समर्थनपत्रासाठी संस्थेकडे अर्ज करावयाचा तर १ हजार पौंड. या संस्था मोजक्याच असून बहुतेक खाजगी आहेत. पुढे प्रगती तपासण्याच्या किमान दोन बैठका, प्रत्येकीचे ५०० पौंड. व्हिशाची फी वेगळी, आणि आरोग्यसेवेचा अधिभार दर वर्षाला १ हजार ३५ पौंड. तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागावयाचे तेव्हा सात निकषांपैकी दोन पुरे करावे लागतात, आणि त्या सातांत एक निकष कोणता आहे, तर धंद्यात किमान ५० हजार पौंड घालून ते खर्च केलेले असणे! समोरच्या दाराने गेलेली अट मागच्या दाराने परत आली आहे. बाकीचे निकष पाहा : वर्षाला १० लाख पौंडांची उलाढाल, किंवा पूर्ण वेळच्या दहा नोकऱ्या, आणि अशाच प्रकारचे आणखी काही. भांडवलाशिवाय तीन वर्षांत हे करून दाखवणारी मुले असतील; त्यांचे कौतुकच आहे. परंतु नियम त्यांच्याकडे पाहून केलेला नाही.

२ लाखांच्या काळात चाळणी अधिकाऱ्याच्या हाती होती. आज ती फी घेणाऱ्या संस्थेच्या हाती आहे. चाळणीची भोके त्याच मापाची राहिली आहेत. नव्या कल्पनेची कसोटी ऐकावयास न्याय्य वाटते. पण समर्थन मागण्यास जाताना नमुना तयार हवा, बाजाराची पाहणी झालेली हवी, दोन-चार ग्राहक मिळालेले असतील तर उत्तम. हे सर्व विद्यार्थ्याने करावयाचे केव्हा? विद्यार्थ्याच्या व्हिशावर स्वयंरोजगार आणि धंदा करण्यास मनाई आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची नोकरी, एवढीच मुभा. पोहता येते हे दाखव, पण पाण्यात उतरू नकोस, असा हा प्रकार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये एवढी सवलत मिळाली की अभ्यासक्रम पुरा करून संस्थापकाच्या व्हिशासाठी अर्ज केलेल्याला निर्णय होईपर्यंत धंद्याचे काम सुरू करता येते. सवलत चांगली आहे. परंतु तोवर तयारी कुणीतरी पैसे मोजून करून घेतलेली असावी लागते.

आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातीतील मुले-मुली परदेशी विद्यापीठांत जातात. शुल्क आणि निर्वाह सरकार देते, आणि ते योग्यच आहे. अशी एखादी मुलगी तेथे शिकून, समजा, पाण्याच्या शुद्धीकरणाची एक स्वस्त रीत शोधून काढते. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलाचा बाप कारखानदार आहे. दोघांचे गुण सारखे, कल्पना सारखी. त्याच्यामागे घरचे भांडवल आहे, पडला तर उचलणारे हात आहेत. तिच्यामागे शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता आहे. उद्योजकाचा व्हिसा या दोघांत कधीच निवड करीत नाही. ती निवड त्याच्या आधी झालेली असते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, तिने तेथे राहावेच का? जनतेच्या पैशावर शिकून परत यावे आणि येथे काम करावे. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. शिष्यवृत्तीवर गेलेल्यांवर तर ते ऋण आहेच. परंतु कर्ज काढून गेलेल्याचे गणित निराळे आहे. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्कच साधारण १५ ते ३० हजार पौंडांच्या घरात असते. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्यांच्या पदवीच्या शुल्कावर सरकारची मर्यादा आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्कावर कोणतीही मर्यादा नाही, आणि तेथील पुष्कळ विद्यापीठांचा गाडा त्याच पैशावर चालतो. म्हणजे आपला मुलगा ब्रिटनमध्ये पाऊल टाकतो तेव्हाच त्या देशात गुंतवणूक करतो. त्या गुंतवणुकीने तेथील प्राध्यापकांचे पगार होतात, घरमालकांची भाडी निघतात. गुंतवणुकीच्या नियमांत मात्र तिचा एक पौंडही धरला जात नाही. पौंडांत खर्च केलेले कर्ज रुपयांतल्या पगारातून फेडावयाचे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना विचारावे.

ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यापाशी धंदा करण्यास एकच भांडवल असते, ते म्हणजे मुदत. दोन वर्षे नोकरी करता करता संध्याकाळी आपले काही उभे करून पाहण्याची, चुकण्याची आणि पुन्हा करण्याची मुदत. २०१२ मध्ये काढून घेतलेली ही मुदत ब्रिटनने जुलै २०२१ पासून परत दिली : पदवीधरांना दोन वर्षे, डॉक्टरेट मिळवणाऱ्यांना तीन. या मुदतीत स्वयंरोजगारही करता येतो. तिचा लाभ घेणाऱ्यांत भारतीय सर्वांत अधिक आहेत. उद्योजकाच्या सगळ्या वर्गांनी मिळून साधारण घरांतल्या मुलांचे जे भले केले नाही ते या साध्या, भांडवलाचा उल्लेखही नसलेल्या नियमाने केले, असे माझे मत आहे. आणि आता नेमकी तीच मुदत कापली जात आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांऐवजी अठरा महिने मिळावयाचे आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांकडे सल्ल्यास येणाऱ्या घराला उद्योजकाच्या व्हिशाची गोष्ट सांगत बसू नका. त्याच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसा. आपल्या बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढत असते. सप्टेंबर २०२६ मध्ये गेलेला मुलगा २०२७ च्या शरदात मोकळा होईल आणि अठरा महिन्यांसाठी अर्ज करील. पहिले सहा-आठ महिने नोकरी शोधण्यात जातात. पदवीच्या तोलाची नाही मिळाली तर गोदामात किंवा दुकानात. २०२८ च्या शरदात घरी बँकेचा पहिला हप्ता येईल. त्यानंतर मुलाच्या हाती सहा-सात महिने उरतील. त्या अवधीत त्याला पुरस्कृत करणारा मालक मिळाला पाहिजे, आणि त्या मालकाने सरकारने ठरवलेला किमान पगार दिला पाहिजे. २०२५ च्या जुलैपासून हा पगार वर्षाला ४१ हजार ७०० पौंड आहे. नवोदितांना ३३ हजार ४००. नाही तर समर्थनपत्राचे १ हजार पौंड भरून उद्योजक व्हावयाचे.

तालुक्यांतून आलेल्या मित्रांनी आपल्याकडील अशी दोन-चार प्रकरणे, नावे न सांगता, कर्जाच्या आणि तारणाच्या आकड्यांसह मांडावीत. दुपारच्या सत्रात आपण त्यांवरच बोलू.